तथ्य आणि सिद्धांत (विज्ञानातील)

निरीक्षणाने किंवा मोजमापाने ज्याची पुन्हा पुन्हा खात्री करून घेता येते, ते तथ्य. अनेक तथ्यांमागचे कारण सांगणारी आणि कसोट्यांना उतरलेली सुसंगत मांडणी म्हणजे सिद्धांत. तथ्यांमधील नियमितपणा सांगतो तो नियम. तपासणी व्हायची असते ते गृहीतक.

उदाहरण : रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगड येथे मुचकुंदी नदीच्या खाडीत दिवसाला साधारणपणे दोनदा भरती येते. तिची वेळ रोज सु. 50 मिनिटे पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग (कमी चढणारी भरती). ही तथ्ये होत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते (चतुर्थीला तीनच्या सुमारास), हा कोकण किनाऱ्यावरचा आडाखा नियमात मोडतो. भरती केव्हा येईल हे तो सांगतो; का येते, हे नाही.

कारणाचा शोध : पृथ्वीच्या गतींमुळे समुद्र हिंदकळतो, असे गॅलिलीओ यांनी 1632 मध्ये मांडले. त्यानुसार दिवसाला एकच भरती यायला हवी होती. प्रत्यक्षातल्या दुसऱ्या भरतीपुढे ही मांडणी टिकली नाही. न्यूटन यांनी 1687 मध्ये गुरुत्वाकर्षणातून उलगडा केला. चंद्राचे आकर्षण पृथ्वीच्या जवळच्या बाजूस अधिक, दूरच्या बाजूस कमी असते. म्हणून दोन्हीकडे पाणी चढते. सूर्याचा परिणाम चंद्राच्या जवळजवळ निम्मा असतो. अमावास्या-पौर्णिमेला दोन्हींची बेरीज होते, अष्टमीला वजाबाकी. परंतु किनाऱ्याकिनाऱ्यांवरील भरतीच्या उंचीतला फरक यातून कळत नव्हता. लाप्लास यांनी 1775 पासून पाण्याची हालचाल लाटेच्या रूपात मांडली. समुद्राची खोली व किनाऱ्याचा आकार हिशेबात घेण्याची वाट त्यातून मोकळी झाली.

परस्परसंबंध : भक्कम पुराव्यानंतर सिद्धांताचे तथ्य होते, हा समज चुकीचा आहे. तथ्य हा सिद्धांताचा आधार आणि त्याची कसोटीही असते. मोजमाप सुधारले तर तथ्यातही दुरुस्ती होते. सिद्धांत बदलला म्हणून मात्र पाहिलेली घटना खोटी ठरत नाही. आइन्स्टाइन यांच्या 1915 च्या सिद्धांताने गुरुत्वाकर्षणाची कल्पनाच बदलली. भरती-ओहोटीचे गणित आजही न्यूटन यांच्या सूत्रांनीच होते, कारण त्या मर्यादेत दोन्हींची उत्तरे जुळतात. पुढच्या वर्षाच्या भरतीचे कोष्टक आधी छापता येते, ते सिद्धांताच्या बळावर. ते चुकले, तर दुरुस्ती सिद्धांतात किंवा त्याच्या वापरात करावी लागते.