चिकोरी किती घालू?

“ताई, चिकोरी किती घालू?”

माटुंग्याच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानात मालकांनी मला हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. दादरला आयुष्य गेलं, माटुंगा एका स्टेशनावर. पण तिथे मी थांबले ती फुलं आणि भाजी घ्यायला. कॉफी समोर भाजून, दळून मिळते हे ठाऊक होतं. तिच्यात काय घालायचं हे गिऱ्हाईकानं सांगायचं असतं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

मी गेले होते ती आईच्या कॉफीच्या शोधात. आमच्याकडे चहा रोजचा; कॉफी एकादशीची, पाहुण्यांची आणि परीक्षेसाठी जागणाऱ्यांची. दूध-पाणी एकत्र उकळायचं, साखर आणि कॉफीची पूड टाकायची, वर जायफळ किसून झाकण ठेवायचं, मग गाळायचं. आई गेल्यावर मी महागातली, शंभर टक्के शुद्ध म्हणून विकली जाणारी कॉफी आणली. पातेलं तेच, जायफळ तितकंच. तरी कॉफी पातळ आणि किंचित आंबट लागे. माझ्याच हाताला चव नाही, अशी समजूत मी करून घेतली होती.

मालकांनी मला स्टुलावर बसवलं. मागे भाजणीचं पिंप फिरत होतं. हिरवट बिया आधी पिवळ्या पडल्या, मग तपकिरी. दोनशे अंशांच्या आसपास लाह्यांसारखा तडतडाट सुरू झाला. “किलोमागे दीडशे-दोनशे ग्रॅम हवेत जातात,” ते म्हणाले. मग त्यांनी तीन कप पुढे ठेवले. दूध नाही, साखर नाही, कशात काय आहे ते सांगितलं नाही. “यातली खरी कॉफी कुठली ते सांगा.”

पहिली हलकी, लिंबाच्या सालीसारखा वास असलेली. दुसरी कडू, रांगडी. तिसरी काळीभोर, दाट, जळक्या साखरेच्या चवीची. मी क्षणाचाही विचार न करता तिसरीवर बोट ठेवलं. ते हसले. पहिली पीबेरी अरेबिका होती, दुसरी रोबस्टा. तिसऱ्या कपात जवळजवळ निम्मी चिकोरी होती.

मी ज्याला कॉफी म्हणत होते, त्यातलं निम्मं कॉफीच नव्हतं. मग ती चव माझ्या जिभेवर आली कुठून?

हिंदुस्थानात कॉफी पिकू लागण्याआधी प्यायली जात होती. सर टॉमस रो यांच्या सोबत जहांगीराच्या छावणीत राहिलेला पाद्री एडवर्ड टेरी याचं प्रवासवर्णन १६५५ साली छापलं गेलं. धर्माचं काटेकोर पालन करणारे, मद्य न पिणारे लोक एका काळ्या बीचं पाणी उकळून पितात, असं त्यात तो लिहितो. ही बी येई ती येमेनच्या मोखा बंदरातून. चिकमगळूरच्या डोंगरात कॉफी रुजवण्याचं श्रेय परंपरा बाबा बुदन या सूफी संताला देते: हजहून परतताना त्यांनी सात बिया लपवून आणल्या. कथेची कागदोपत्री खातरजमा होत नाही, पण डोंगराला नाव त्यांचंच आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मळे वाढवले आणि पानांवर तांबेरा आला. १८६९ मध्ये तो सिलोनात दिसला. पुढे तिथले मळेवाले कॉफी उपटून चहाकडे वळले. दक्षिण हिंदुस्थानात कॉफी टिकली, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तांबेऱ्याला दाद न देणारी रोबस्टा अरेबिकाच्या शेजारी आली. आज देशातल्या पिकात सुमारे ७० टक्के वाटा तिचा आहे. माझा दुसरा कप असा एका रोगानं भरला होता.

तिसरा कप भरला टंचाईनं. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. भाजलं की काळं, गोडसर होतं, पाण्याला रंग आणि दाटपणा देतं. त्यात कॅफीन नसतं. १८०६ मध्ये नेपोलियननं ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली, कॉफी मिळेनाशी झाली आणि फ्रान्समध्ये चिकोरी घरोघरी गेली. टंचाई संपली, सवय उरली.

मुंबईत ही सवय पोलसनच्या दुकानातून विकली गेली. मराठी माणसाला पोलसन म्हटलं की लोणी आठवतं. ‘पोलसन लावणं’ म्हणजे मस्का लावणं. पण पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८ मध्ये मुंबईत सुरू केलेला धंदा कॉफीचा होता, लोणी नंतरचं. त्यांची गाजलेली ‘फ्रेंच कॉफी’ म्हणजे कॉफी आणि चिकोरीचं मिश्रण.

पुढचा भाग सरकारी कागदांत आहे. मंदीत पडून राहिलेली कॉफी देशातच खपावी म्हणून कॉफी सेस कमिटीनं १९३६ मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि १९४२ च्या कायद्यानं मळेवाल्यानं आपलं पीक कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करणं सक्तीचं केलं. घरच्या वापरापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी सोडली, तर स्वतः विकायला बंदी. प्रत ठरे, गुण मिळत, पैसे हप्त्यांनी येत. निर्यातीचे आणि देशातल्या विक्रीचे लिलाव वेगळे होत. कुठल्या डोंगरावरची, कुणाच्या मळ्यातली, ही ओळख साठ्यात मिसळून जाई. युद्ध संपलं, पण ही व्यवस्था राहिली. १९९२ पासून ती टप्प्याटप्प्यानं सैल होत १९९६ मध्ये मळेवाल्याला पूर्ण मोकळीक मिळाली.

म्हणजे आईच्या सबंध संसारात, ‘अमुक मळ्याची कॉफी द्या’ असं वाण्याला म्हणण्याची सोयच नव्हती. तिनं निवड केली नव्हती असं नाही. जे मिळे त्यातून तिनं जायफळानं एक स्वतःची चव घडवली. दाट, गोड मिश्रणावर जायफळ बसतं. पहिल्या कपातल्या त्या आंबूस अरेबिकावर ते भांडतं. माझा हात चुकत नव्हता. मी चुकीच्या कॉफीत जायफळ घालत होते.

घरी येऊन फडताळातला आईचा जुना कॉफीचा डबा काढला. गेली कित्येक वर्षं त्यात मोहरी आहे. झाकणाखाली बारीक इंग्रजी अक्षरांत कॉफी-चिकोरी मिश्रण असं स्वच्छ लिहिलेलं होतं. तसं लिहिणं कायद्यानं बंधनकारकच आहे. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी हेही कायदाच सांगतो. मी जुनी कागदपत्रं वाचण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि स्वयंपाकघरातला हा दस्तऐवज वाचायचा राहिला.

त्या दिवशी दुकानातून निघण्याआधी मी पहिला कप पुन्हा मागितला होता. या वेळी खरं-खोटं ठरवायचं नव्हतं. निवत चालल्यावर त्यात संत्र्यासारखं काही लागू लागलं, आणि ते मला आवडलं. साठाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आपल्याला बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी आवडते हे कळणं थोडं संकोचाचं होतं. आईला हे पटलं नसतं.

मालकांनी पुन्हा विचारलं, “मग, चिकोरी किती?”

मी दोन पुड्या बांधायला सांगितल्या. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून एकीवर लिहिलं ६०-४०, दुसरीवर नुसतं पीबी. पीबी सकाळी मी एकटी पिते. साठ-चाळीसची पुडी एकादशीला उघडते, आणि तेव्हा जायफळ किसते.