जोहान्सबर्गचा वायरमन आणि एक कागद

२०१२ साली चार महिने मी जोहान्सबर्गला ऑनसाईट होतो. (तिथे एकटा फिरू नकोस, हे आईने विमानतळावर किमान अकरा वेळा सांगितलं. असो.) कंपनीने दिलेल्या गेस्ट हाऊसमधला मेन स्विच सारखा ट्रिप व्हायचा. मग एका शनिवारी एक जुनी बक्की येऊन उभी राहिली. बक्की म्हणजे तिकडची छोटी उघडी पिकअप. त्यातून पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ उतरले. सगळे त्यांना 'बाबा' म्हणत होते. झुलू भाषेतही वडिलांना बाबाच म्हणतात हे मला तेव्हा कळलं, आणि का कोण जाणे, एकदम घरी असल्यासारखं वाटलं.

बाबांनी दोन दिवस खपून सगळी डीबी उघडली, गिझरच्या लाईनमधला फॉल्ट शोधला, नवीन वायर ओढली. तिसऱ्या दिवशी पंचवीस-सव्वीस वर्षांचा एक गोरा पोरगा आला. त्याने मीटर लावून पाहिला, प्रमाणपत्रावर सही केली आणि गेला. जेमतेम दहा मिनिटं. तिकडे वायरिंगचं असं काम झालं की नोंदणीकृत माणसाची सही असलेलं प्रमाणपत्र लागतं, त्याशिवाय घर विकतासुद्धा येत नाही.

"तुम्हीच का नाही सही करत?" मी आपला भाबडेपणाने विचारलं.

"कागद नाही," बाबा म्हणाले. "त्याच्या बापाकडे मी वीस वर्षं होतो. पोराला वायर सोलायला मीच शिकवलं."

"मग परीक्षा का नाही दिलीत?"

बाबा हसले. "माझ्या वयात होतो तेव्हा ती परीक्षा माझ्यासाठी नव्हती."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. पुढचे वीकांत मी मॉलमध्ये न जाता वाचनात घालवले. त्यातलं जे कळलं ते इथे लिहून ठेवतोय.

आपण समजतो की सर्टिफिकेट म्हणजे 'याला काम येतं' याचा पुरावा. दक्षिण आफ्रिकेत ते बराच काळ 'याला काम करू द्यायचं आहे' याचा पुरावा होतं. १८८६ मध्ये विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं आणि इंग्लंडच्या कॉर्नवॉलसारख्या भागांतून तयार खाणकामगार आले. त्यांची मजुरी जबर. हाताखाली काळे मजूर, त्यांची मजुरी नगण्य. आता सुरुंगाचं भोक कसं भरायचं आणि वात कशी लावायची हे रोज शेजारी उभं राहून पाहणाऱ्याला किती दिवसांत येईल? म्हणजे गोऱ्या कामगाराची भीती खरी होती. उपाय मात्र असा निघाला की १८९३ मध्ये ट्रान्सवालच्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना सुरुंग लावण्याचीच मनाई केली. १९११ च्या खाण कायद्याखालच्या नियमांनी तोच प्रकार इतर कुशल कामांनाही लावला.

१९२२ मध्ये खाणमालकांनी महागड्या गोऱ्यांच्या जागी स्वस्त काळे कामगार घ्यायचं ठरवलं. (मालकांना समतेचा पुळका नव्हता, पगाराचा हिशेब होता.) त्यावरून मोठा संप पेटला. जगातल्या कामगारांनो एक व्हा आणि गोऱ्या दक्षिण आफ्रिकेसाठी लढा, अशा अर्थाचे फलक घेऊन हे लोक रस्त्यावर आले! स्मट्सच्या सरकारने सैन्य आणि विमानं वापरून बंड मोडलं, दोनशेच्या आसपास माणसं मेली. पुढे कोर्टाने ते नियम मूळ कायद्यात बसत नाहीत असं ठरवलं, तेव्हा १९२६ मध्ये सरकारने कायदाच बदलून घेतला. गोरे, कलर्ड, मॉरिशसचे क्रिओल आणि सेंट हेलेना बेटावरचे लोक एवढ्यांनाच सक्षमतेचं प्रमाणपत्र मिळेल. आफ्रिकन लोकांना नाही आणि भारतीयांनाही नाही. म्हणजे तेव्हा आपल्यापैकी कोणी तिथे जन्मला असता तर तोही बाबांच्याच रांगेत उभा असता.

खाणीच्या पोटात काम मात्र चालूच होतं. काळ्या मजुरांच्या टोळीचा म्होरक्या असायचा, त्याला 'बॉस बॉय' म्हणत. केस पिकले तरी बॉयच. दगडाचा आवाज ऐकून छत कुठे बसणार हे सांगणारा तो, पण परवाना गोऱ्या साहेबाच्या खिशात.

आता शहरातल्या कारागिरीचं बघा. १९२२ च्याच अप्रेंटिसशिप कायद्यात वंशाचा उल्लेख नाही. फक्त किमान शालेय शिक्षणाची अट आहे. काळ्या मुलांसाठी शाळाच मोजक्या, त्यामुळे चाळणी आपोआप लागली. सिस्टिम डिझाईन म्हणून पाहिलं तर इतकं 'स्वच्छ' काम क्वचित सापडतं: कोडमध्ये कुठेही भेदभाव दिसत नाही, आउटपुट मात्र हवा तोच. १९५१ मध्ये काळ्या गवंडी-सुतारांना प्रशिक्षण द्यायचा कायदा झाला, पण त्या कौशल्याने कमवायचं ते काळ्यांच्या वस्तीत. गोऱ्यांच्या शहरात तेच काम केलं तर गुन्हा. आणि १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने तर शाळाच अशा आखल्या की वरच्या कामांची आशाच नको.

हे बदललं ते कामगारांनी बदलायला लावलं म्हणून. १९७३ मध्ये डर्बनच्या वीटभट्टीपासून संपांची लाट सुरू झाली. मग विहान आयोग बसला आणि १९७९ मध्ये काळ्या कामगारांच्या युनियनला कायदेशीर मान्यता मिळाली. १९८१ च्या कायद्याने अप्रेंटिसशिप सगळ्यांना खुली झाली. खाणीतला परवान्याचा वर्णभेद कायद्यातून निघायला १९८७ उजाडलं. चौऱ्याण्णव वर्षं!

पण दार उघडलं कोणासाठी? सतरा-अठरा वर्षांच्या पोरांसाठी. ज्याने वीस वर्षं काम केलंय त्याने काय पोरांच्या शेजारी बसून पहिल्यापासून सुरुवात करायची? धातू कामगारांची युनियन नुम्सा इथेच अडून बसली. त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या युनियनचा अभ्यास केला आणि मागणी मांडली की झाडूवाल्यापासून इंजिनिअरपर्यंत एकच सलग जिना हवा, आणि माणसाला आधीच जे येतं ते मोजून त्याला योग्य त्या पायरीवर उभं करा. १९९५ मध्ये लोकशाही सरकारने राष्ट्रीय पात्रता चौकटीचा कायदा केला, त्यात ही कल्पना आली. तिचं नाव पूर्वज्ञानाची मान्यता, तिकडच्या बोलीत 'आरपीएल'. बाबांसारख्यांना ही काही सवलत नव्हती. थकलेली बाकी होती.

पुढे जे झालं ते वाचून मी जरा खट्टू झालो. मोजायचं कसं? तर फाईल करा. आपल्या अनुभवातून काय शिकलो ते इंग्रजीत लिहा, पुरावे जोडा, प्रत्येक पुरावा कुठल्या निकषाला लागतो ते दाखवा. ज्याला शाळेतून मुद्दाम बाहेर ठेवलं त्याला आता निबंध लिहायला बसवलं. त्या मानाने जुनी ट्रेड टेस्ट मला बरी वाटते. १९८१ च्या कायद्यातच कलम २८ होतं, ज्याच्याकडे पुरेसा अनुभव आहे त्याला अप्रेंटिसशिप न करता थेट परीक्षेला बसता येई. परीक्षेचं केंद्र जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाच्या मधे, ओलिफांट्सफोंटेनला. तिथे समोर जॉब, हातात हत्यार. येत असेल तर दिसतं.

माझा मामा भोसरीला टर्नर होता. दहावी नापास. हजारव्या भागाचं माप हाताच्या अंदाजाने ओळखायचा, आयटीआयची पोरं त्याच्याकडे शिकायला पाठवायचे आणि वर्षभरात ती त्याच्या वरच्या ग्रेडला जायची. आपल्याकडे कौशल्यांची चौकट २०१३ मध्ये आली आणि आरपीएल मोठ्या प्रमाणावर २०१५ च्या कौशल्य विकास योजनेतून. मामा तोवर रिटायर झाला होता. आणि मी? मेकॅनिकलचा पदवीधर, जावाचा एक पेपर कधी दिला नाही, तरी तेव्हा अकरा वर्षं जावावर पोट भरत होतो. मला कोणी फाईल मागितली नाही.

निघायच्या आदल्या शनिवारी बाबा परत आले होते, बाहेरचा दिवा बसवायला. मी विचारलं, आता तरी परीक्षा देणार का? म्हणाले, अर्ज आणलाय. पण आधी जिथे काम केलं त्या मालकांची अनुभवाची पत्रं हवीत. पहिला मालक वारला, दोन वर्कशॉप बंद पडली. राहिला तो सही करणारा पोरगा.

"मग तो देईल की!" मी म्हटलं.

बाबांनी शिडी बक्कीत टाकली, दोरी आवळली. "देईल. दिलं की मी सही करणार, मग माझा पगार त्याला परवडायचा नाही. ते त्यालाही माहीत आहे. दोन महिने झाले मागून."