अतिविशालकोनी भिंग व अंतरमापक कॅमेरा
ज्या छायाचित्रण-भिंगाचे दृष्टिक्षेत्र सु. ९०° वा त्याहून अधिक असते आणि जे सरळ रेषांच्या प्रतिमा सरळच ठेवते, त्यास अतिविशालकोनी भिंग म्हणतात. २४ × ३६ मिमी. चित्रचौकटीचा कर्ण सु. ४३ मिमी. असल्याने २१ मिमी. केंद्रांतराचे भिंग सु. ९२°, तर १५ मिमी. केंद्रांतराचे भिंग सु. ११०° एवढा कोन सामावून घेते. अंतरमापक कॅमेऱ्यात दृश्य स्वतंत्र दर्शकातून पाहिले जाते. भिंग व फिल्म यांच्यामध्ये आरसा नसतो. या दोहोंचा इतिहास परस्परांशी निगडित आहे.

विशाल कोनाची मूळ अडचण प्रकाशाची होय. सपाट फिल्मवर अक्षापासून दूर जाताना प्रकाश कोनाच्या कोज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात घटतो. त्यानुसार १५ मिमी. भिंगाच्या चित्राच्या कोपऱ्यांत मध्याच्या केवळ सु. एक-दशांश प्रकाश पोहोचतो. १८५९ मध्ये टॉमस सटन यांनी पाण्याने भरलेल्या गोलाकार भिंगाने विस्तृत दृश्य टिपले. परंतु त्यास वक्र काचपट्ट्या लागत. १९०० मध्ये एमिल फोन ह्यॉग यांनी गर्त्झ कंपनीसाठी सिद्ध केलेल्या हायपरगॉनमध्ये केवळ दोन पातळ, सममित भिंगे होती व कोन सु. १३५° होता. मध्यावरील जादा प्रकाश रोखण्यासाठी त्यापुढे एक तारकाकृती चकती हवेच्या झोताने फिरविली जाई व उद्भासनाच्या अखेरीस बाजूस सारली जाई.

लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. १९३२ मध्ये लायका-२ व कॉन्टॅक्स या कॅमेऱ्यांत अंतरमापक भिंगाशी जोडण्यात आला. तथापि १९३५ चे लाइट्झ कंपनीचे हेक्टॉर हे २८ मिमी. भिंग एफ/६·३ एवढेच तेजस्वी होते व त्याचा कोन सु. ७५° होता. पुढील प्रगती हवाई सर्वेक्षणातून झाली. नकाशे करण्यासाठी विरूपण जवळजवळ नसलेली विशालकोनी भिंगे आवश्यक होती. सोव्हिएट प्रकाशकीतज्ज्ञ मिखाईल रुसिनॉव्ह यांनी १९४६ च्या सुमारास सममित रचनेच्या दोन्ही टोकांस मोठी ऋण भिंगे योजली. तिरकस पाहता अशा भिंगाचे प्रकाशद्वार मोठे भासते, म्हणून कडांचा अंधार कमी होतो. लूटव्हिख बर्टेले यांनी याच दिशेने काम करून रचलेले २१ मिमी., एफ/४·५ बायोगॉन १९५४ मध्ये कॉन्टॅक्ससाठी उपलब्ध झाले. रुसिनॉव्ह यांचे २० मिमी. रुसार लायकाच्या आट्यांवर बसे. लायकासाठी श्नायडर कंपनीच्या रचनेचे २१ मिमी. सुपर-अँग्युलॉन १९५८ मध्ये आले.

या सर्व भिंगांचा मागील भाग फिल्मच्या अगदी जवळ जातो. एकभिंगी प्रतिक्षेपी कॅमेऱ्यात तेथे आरसा हलत असल्याने ती बसू शकत नाहीत. त्यासाठी केंद्रांतराहून मागील अंतर अधिक असणारी असममित रचना करावी लागली. पीअर आँजेन्यू यांचे १९५० चे रेट्रोफोकस हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. अशी भिंगे आकाराने मोठी असून त्यांतील विरूपण काढणे कठीण असे. म्हणून प्रतिक्षेपी कॅमेरे लोकप्रिय झाल्यावरही वास्तुचित्रणात व अरुंद जागेतील वृत्तचित्रणात अंतरमापक कॅमेऱ्याने आपले स्थान राखले. एर्हार्ड ग्लाट्झेल यांचे तीन काचांचे १५ मिमी. होलोगॉन प्रथम १९६९ मध्ये स्वतंत्र कॅमेऱ्यात व १९७२ मध्ये लायकासाठी आले. त्याचे द्वारक एफ/८ वर स्थिर होते आणि समान प्रकाशासाठी मध्याशी गडद असलेला गाळणीकाच लागे.

या सोयीची किंमत छायाचित्रकारास मोजावी लागते. कॅमेऱ्याच्या दर्शकात एवढे क्षेत्र मावत नाही. म्हणून वर वेगळा दर्शक बसवावा लागतो. तो भिंगापासून काही अंतरावर असल्याने जवळच्या वस्तूंची चौकट चुकते. अंतर जुळविणे मात्र सोपे असते : एफ/८ वर १५ मिमी. भिंग सु. एक मी. वर ठेवल्यास सु. अर्ध्या मी. पासून अनंतापर्यंत सर्व स्पष्ट दिसते. कॅमेरा किंचित कलला तरी इमारतींच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात आणि कडेचा मानवी चेहरा बाहेरच्या दिशेने ताणला जातो. हा दोष भिंगाचा नसून सपाट पृष्ठावरील प्रक्षेपणाचा अटळ परिणाम आहे. दर्शकात तो आधी दिसत नाही, म्हणून अनुभवानेच ओळखावा लागतो.

सममित रचनेस पुढे कॅमेऱ्यातील बदलच अडसर ठरले. १९७१ च्या लायका एम-५ मधील प्रकाशमापकास सुपर-अँग्युलॉनचा मागील भाग अडथळा करी. १९८० चे २१ मिमी. एल्मारिट त्यामुळेच असममित रचनेचे होते. १९९९ मध्ये कोसिना कंपनीने १५ मिमी. व पुढील वर्षी १२ मिमी. हेलियार भिंगे आणून हा प्रकार सामान्य हौशी छायाचित्रकारांच्या आटोक्यात आणला. परंतु २००६ च्या लायका एम-८ पासून फिल्मच्या जागी अंकीय संवेदक आला. फिल्म तिरकस किरण सहज स्वीकारते. संवेदकावर मात्र त्यांमुळे कडा काळवंडतात व त्यांवर रंगछटा येते. त्यामुळे १५ मिमी. हेलियारची २०१५ मध्ये नव्याने रचना करण्यात आली. आरशाच्या अभावी मिळालेले स्वातंत्र्य अशा रीतीने संवेदकाने पुन्हा मर्यादित केले.