वाऱ्याची बंदूक

मिसूरी नदीच्या उगमाकडे चाललेल्या मोहिमेचा प्रमुख कॅप्टन मेरिवेदर लुईस याने ७ ऑगस्ट १८०५ रोजी आपल्या रोजनिशीत एक छोटी नोंद केली आहे. त्याची हवेची बंदूक बिघडली होती. काही अपघाताने तिच्या नळीवरची नेमाची माशी निघाली होती. त्याने ती दुरुस्त केली, नेम पुन्हा जुळवून घेतला आणि ती पूर्वीसारखीच चालू लागली. इंग्रजीत निर्जीव वस्तूला सहसा स्त्रीलिंगी सर्वनाम लावत नाहीत, पण लुईस या बंदुकीला 'ती' म्हणतो. मराठीत बंदूक मुळातच स्त्रीलिंगी, त्यामुळे भाषांतरात हा जिव्हाळा दिसेनासा होतो.

लुईस आणि विल्यम क्लार्क यांच्या मोहिमेवर अमेरिकेत विपुल लेखन झाले आहे. मी त्या रोजनिश्या वाचल्या त्या या एका बंदुकीचा माग काढण्यासाठी. तिचे उल्लेख दोन प्रकारचे आहेत. एका प्रकारात ती उडवली जाते आणि पाहणारे थक्क होतात. दुसऱ्या प्रकारात ती चुकून उडते, मोडते, दुरुस्त होते. पहिल्या प्रकारच्या नोंदी पुस्तकांतून वारंवार येतात, दुसऱ्या प्रकारच्या तळटीपांत राहतात. या दुसऱ्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्या, तर नवे यंत्र माणसांच्या हाती कसे रुळते याची एक वेगळीच हकिगत समोर येते.

हवेच्या दाबाने गोळी फेकण्याची कल्पना त्या काळी नवी नव्हती. सतराव्या शतकापासून युरोपात अशा बंदुका तयार होत होत्या. जर्मन भाषेत त्यांना 'विंडब्युक्से' म्हणत, म्हणजे शब्दशः वाऱ्याची बंदूक. दारू नाही, धूर नाही, पावसात भिजून निकामी होण्याची भीती नाही, आणि आवाजही कमी. पण त्या बहुतेक श्रीमंतांच्या शिकारीपुरत्या राहिल्या. लढाईसाठी त्या तत्त्वावर मोठ्या प्रमाणात बंदूक घडवली ती बार्थोलोमेउस जिरार्दोनी या कारागिराने. आल्प्स पर्वतातल्या, तेव्हा टिरोल प्रांतात असलेल्या कोर्तिना दांपेझो या गावचा हा माणूस. त्याची बंदूक १७८० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात दाखल झाली.

तिची रचना आजही चकित करते. लांबी सुमारे चार फूट, वजन साडेचार किलोच्या आसपास. खांद्याला टेकवायचा दस्ता लाकडाचा नव्हता. तो लोखंडी पत्र्याचा, निमुळता, वरून चामड्याने मढवलेला पोकळ कुंभ होता. त्यातच हवा दाबून भरलेली असे. नळीच्या बाजूला एक लांब पन्हळ होती, तिच्यात वीसेक शिशाच्या गोळ्या ओळीने बसत. बंदुकीचे तोंड वर करायचे आणि आडवा सरकता ठोकळा दाबायचा, की एक गोळी आपल्या वजनाने घसरून जागेवर येई. घोडा मागे ओढून चाप दाबला की कुंभाची झडप क्षणभर उघडे आणि मोजकी हवा गोळीला घेऊन बाहेर पडे. साधा शिपाई तोंडाकडून दारू ठासून मिनिटाला दोन-तीन बार काढत असे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

मग ही बंदूक जगभर का पसरली नाही? उत्तर पंपात आहे. एक कुंभ पूर्ण भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. आतला दाब दर चौरस इंचाला आठशे पौंडांच्या घरात जाई, असा अंदाज आहे. मोटारीच्या चाकात आपण तीस-पस्तीस पौंड हवा भरतो, यावरून कल्पना यावी. प्रत्येक शिपायाजवळ जोडीला दोन भरलेले कुंभ असत, आणि गाडीवर बसवलेले मोठे पंपही पुरवले जात. पण लढाई गाडीपासून दूर सरकली आणि तिन्ही कुंभ रिकामे झाले, की शिपायाच्या हाती उरे तो पंप.

ज्यांच्या घरात एकेकाळी रॉकेलचा स्टोव्ह होता, त्यांना पुढची अडचण वेगळी सांगायला नको. स्टोव्हच्या पंपातला चामडी वायसर सुकला की दट्टा सैल पडे. कितीही पंप मारा, ज्योत काही चढत नसे. मग आजी वायसर काढून, तेलाचे बोट लावून, तो फुलवून परत बसवी. जिरार्दोनीच्या बंदुकीतही हवा अडवून धरणारे वायसर चामड्याचेच होते. ते पाण्याने ओले, फुगलेले राहिले तरच दाब टिके. कोरडे पडले की भरलेला कुंभ हळूहळू रिता होई आणि ऐन वेळी चाप दाबल्यावर कळे. कुंभ घडवणे तर त्याहून अवघड. पत्रा ठोकून, रिवेट मारून, पितळी झाळ देऊन असे सांधे जुळवायचे की एवढ्या दाबाखाली ते फुटू नयेत. असे कुंभ नेहमीच अपुरे पडत.

शिवाय शिपायाला नवी सवय लावून घ्यावी लागे. दारूच्या बंदुकीत प्रत्येक बाराला साधारण तेवढीच दारू, तेवढाच जोर. इथे मात्र प्रत्येक गोळीबरोबर कुंभातली हवा कमी होत जाई. पहिल्या गोळीला जो नेम, तोच विसाव्या गोळीला ठेवला तर ती खाली पडायची. म्हणजे आपण कितवा बार काढत आहोत हे ध्यानात ठेवून नेम थोडा थोडा वर उचलायचा. हे ज्ञान बंदुकीत नव्हते, वापरणाऱ्याच्या अंगात मुरावे लागे. जुन्या पद्धतीत तयार झालेल्या फौजेला ते देण्यासाठी लागणारा वेळ, शिक्षण आणि छावणीतले कुशल दुरुस्तीकार साम्राज्याला पुरेसे उभे करता आले नाहीत. एकोणिसाव्या शतकाची पहिली पंधरा वर्षे सरेपर्यंत ती वापरातून गेली. नेपोलियनने हवेची बंदूक बाळगणाऱ्यांना फासावर चढवण्याचा हुकूम काढला होता, ही गोष्ट खूप सांगितली जाते. पण ती आख्यायिकाच समजावी. या बंदुकीचा पराभव शत्रूच्या हुकमाने झाला नाही, तो कोरड्या वायसरने केला.

लुईसजवळ होती ती हीच बंदूक का, यावर बराच काळ वाद होता. फिलाडेल्फियाचा कारागीर आयझाया लुकेन्स याच्या मृत्यूनंतर त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. त्याच्या यादीत लुईस-क्लार्क मोहिमेत वापरलेल्या हवेच्या बंदुकीची नोंद आहे. त्यावरून ती लुकेन्सने घडवलेली, एका वेळी एकच गोळी घेणारी असावी असे मानले गेले. या समजाला धक्का दिला तो टॉमस रॉडनी याच्या रोजनिशीने. १८०३ च्या सप्टेंबरमध्ये ओहायो नदीकाठी व्हीलिंग इथे लुईसने त्याला बंदूक दाखवली होती. ती ठीक चालत असेल तेव्हा मिनिटात बावीस वेळा उडते, सगळ्या गोळ्या एकदमच बाजूच्या नळीत भरतात आणि हवा दस्त्यातून येते, असे त्याने टिपून ठेवले. ही रोजनिशी १९९७ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यातले वर्णन जिरार्दोनीच्या रचनेशी नेमके जुळते आणि आज बहुतेक अभ्यासकांचा कल तिकडेच आहे. रॉडनीच्या नोंदीतली 'ठीक चालत असेल तेव्हा' ही अट मला फार बोलकी वाटते.

बंदूक नवी, हात नवखे. याचा फटका मोहिमेला पहिल्याच दिवशी बसला. ऑगस्ट १८०३ च्या अखेरीस लुईस पिट्सबर्गहून होडीने निघाला आणि तीन मैलांवर ब्रुनो बेटावर थांबला. तिथल्या लोकांच्या आग्रहावरून त्याने पंचावन्न यार्डांवर सात वेळा बंदूक उडवून दाखवली. मग ती ब्लेझ सेनास नावाच्या गृहस्थाच्या हाती दिली. त्याला तिची माहिती नव्हती. त्याच्या हातून ती अचानक उडाली आणि चाळीस यार्डांवरच्या एका स्त्रीच्या टोपीतून, कानशिलाला चाटून गोळी गेली. ती कोसळली, रक्त वाहू लागले. ती गेली असेच सर्वांना वाटले. मिनिटभराने ती शुद्धीवर आली. जखम वरवरची निघाली. दारूची बंदूक हाताळताना दारू, ठासणी, चकमक अशा पायऱ्या माणसाला पदोपदी सावध करतात. वाऱ्याच्या बंदुकीत एकदा हवा भरली की तशी खूण उरत नाही. ती रिकामी वाटते आणि भरलेली असते.

पुढे तिचे बिघाड सुरू झाले. १० जून १८०५ रोजी मिसूरी आणि मरायस नद्यांच्या संगमावर जॉन शील्ड्स याने तिची मुख्य कमान नवी करून बसवली. केंटकीतून मोहिमेत आलेला हा लोहार पदाने साधा शिपाई होता. त्याच दिवशी लुईस लिहितो की या माणसाचे आमच्यावर अनेकदा उपकार झाले आहेत. कुठल्याही धंद्याची रीतसर उमेदवारी न करता तो आपली हत्यारे बहुतांशी स्वतःच घडवतो आणि लाकूड व धातू दोन्हींत उत्तम काम करतो. ऑस्ट्रियाच्या फौजेला जे जमले नाही, ते इथे का जमले, याचे उत्तर या नोंदीत आहे. इथे बंदूक एकच होती, तिचा स्वभाव ओळखणारा मालक तिच्याजवळ होता, आणि मोडली तर जंगलात बसून कमान घडवणारा लोहार होता.

आता पहिल्या प्रकारच्या नोंदी. ओटो आणि मिसूरी, यांकटन सू, अरिकारा, शोशोनी, क्लॅटसॉप अशा अनेक लोकांच्या भेटीत लुईसने बंदूक उडवून दाखवली आणि पाहणारे आश्चर्यचकित झाले. २४ जानेवारी १८०६ रोजी तो लिहितो की क्लॅटसॉप लोकांना ती दारूशिवाय आणि इतक्या वेळा कशी उडते हे कळत नाही. या नोंदींवरून काही अभ्यासकांनी असे मांडले आहे की बंदुकीच्या धाकामुळेच ही तेहतीस जणांची तुकडी सुखरूप राहिली. मला हे पटत नाही. जोसेफ व्हाइटहाउस या शिपायाने यांकटनांच्या भेटीची जी नोंद केली आहे, तिच्यात बार होताच ते लोक झाडाकडे धावले आणि गोळ्यांची भोके पाहू लागले. हे भाबड्या भीतीचे लक्षण नाही. हा पुरावा तपासणाऱ्यांचा बाणा आहे. शिवाय मोहीम तगली ती धाकावर नव्हे. शोशोनींनी घोडे दिले. मँडन लोकांनी मका दिला. १८०४-०५ च्या हिवाळ्यात शील्ड्सच्या भट्टीवर घडलेल्या कुऱ्हाडींच्या आणि दुरुस्त झालेल्या अवजारांच्या मोबदल्यात तो मिळाला. ज्या हातांनी बंदुकीची कमान बसवली, त्याच हातांनी तुकडीच्या जेवणाची सोय केली. आणि त्या तमाशाआधी दीड हजार दट्टे कोणी मारले, त्या माणसाचे नाव मी वाचलेल्या एकाही नोंदीत नाही.

जत्रेत फुगे फोडायला मिळते त्या छऱ्याच्या बंदुकीचा या घराण्याशी दूरचाच संबंध आहे. तिच्यात हवा साठवलेली नसते, स्प्रिंग असते. खरी वारस आहे ती दहा मीटर नेमबाजीतली आजची रायफल. याच प्रकारात अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, आणि २००८ साली बीजिंगमध्ये अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळवले. आजच्या या रायफलींना दाबलेल्या हवेची नळकांडी असते, तिच्यावर दाब दाखवणारा काटा असतो आणि प्रत्येक छऱ्याला सारखीच हवा देणारा नियामक असतो. ऑस्ट्रियन शिपायाला जे मनात मोजावे लागे, ते आता यंत्र मोजते. चामड्याच्या वायसरच्या जागी रबरी कडी आली आहे, पण ती झिजते आणि बदलावी लागते, ही गोष्ट बदललेली नाही.

मोहीम संपल्यावर, १५ जानेवारी १८०७ रोजी, लुईसने युद्धमंत्र्यांकडे आपल्या माणसांची यादी पाठवली. शील्ड्सच्या नावापुढे त्याने लिहिले की बंदुका आणि सामानाची दुरुस्ती करण्यातल्या या माणसाच्या कौशल्याइतके उपयोगी आम्हाला दुसरे काही ठरले नाही, आणि तरीही त्याला पगार मिळाला तो फक्त साध्या शिपायाचा. तो पगार होता महिना पाच डॉलर.