काडीपहिलवानाला कसली साखर?

माझे मामा पडघ्याचे. भिवंडीच्या गोदामांत आयुष्यभर हमाली केली. हातपाय काटकुळे, पोट तेवढं जरासं सुटलेलं. पायाची जखम दोन महिने भरेना, तेव्हा कुठे रक्त तपासलं. मधुमेह निघाला, तोही जुना. पायाची दोन बोटं काढावी लागली. तोवर 'या काडीपहिलवानाला कसली साखर?' असंच सगळे म्हणत होते. मीही.

माझ्या पीएचडीतला एक प्रश्न इथूनच आला. मधुमेह म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जाडजूड माणूसच का येतो?

हे चित्र फार जुनं नाही, बरं का. चरकसंहितेत प्रमेहाचे रुग्ण स्थूल आणि कृश असे दोन प्रकारचे सांगितलेत. स्थूलाचं शोधन करा, कृशाचं पोषण करा, असे उपचारही वेगळे. यावरून 'आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं' म्हणायची घाई नको, कारण प्रमेहात आजचे अनेक आजार मोडतात. पण बारीक रुग्ण वैद्यांच्या नजरेतून सुटला नव्हता, एवढं नक्की.

१९२२ साली टोरांटोत इन्सुलिन पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं. जी मुलं हमखास दगावायची ती जगू लागली. मारणारा रोग जन्मभर सांभाळायचा रोग झाला. १९३६ मध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे रुग्ण वेगळे केले. पुढे टाइप १ आणि टाइप २ ही नावं रुळली, आणि टाइप २ चा रुग्ण म्हणजे पोक्त, लठ्ठ माणूस हे चित्र पक्कं झालं. लठ्ठ कोण, हे ठरवायला बीएमआय होता : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. २५ च्या पुढे गेलात की वजन जास्त.

आता पुण्यात या. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे येणारे मधुमेही पुस्तकातल्यापेक्षा तरुण आणि बारीक होते. मग पुस्तक चूक की रुग्ण? १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी बरीचशी टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार!

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. एकाच आकड्यामागे दोन वेगळी शरीरं होती. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी जास्त वजनाची रेषा २३ वर आणली.

म्हणजे प्रश्न सुटला? नाही. हल्ली तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी सर्रास करतात. डब्ल्यूएचओने २०११ मध्ये तिला निदानासाठी मान्यता दिली. पण ती साखर मोजते लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर. लोह कमी असेल तर आकडा फसवा वाढू शकतो. पेशी लवकर मरत असतील, जसं सिकलसेलमध्ये होतं, तर तो फसवा कमी येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, आणि आमच्या ठाणे-पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलही आहे. चाचणी खोटी नाही. पण ती कुणाच्या रक्तावर बेतली आहे, हे विचारावंच लागतं. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही बघायला हवी.

इतिहासाचा मला इथे उपयोग दिसतो तो एवढाच : मोजपट्टी कुणाच्या मापाने कापली, ते कळतं.

मामांचं माप मी नंतर घेतलं. बीएमआय २२. कंबर ९२ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० ची आहे, बायकांसाठी ८० ची. शिंप्याकडची टेप पुरली असती हो. तुमच्या घरातही एखादा काडीपहिलवान असेलच; आज त्याची कंबर मोजा, आणि एकदा रक्त तपासून घ्या.