प्रलयाची खूण ओळखायची कशी?



प्रलय हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. ओढ्याला पूर आला की प्रलय, बाजारात कांदा गडगडला की प्रलय. आमच्या घरात त्याच्या जोडीला ‘कयामत’ हा शब्द होता. लग्नघरी पुलाव कमी पडला तरी आजी म्हणायची, “कयामत आली गं बाई!” बोलण्यातली गंमत सोडून देऊ. पण साऱ्या पृथ्वीला एकाच वेळी हादरवणारी संकटं फार पूर्वी खरोखर येऊन गेली का? आणि गेली असतील, तर आपल्या डोंगरांत, नदीकाठी, मातीत त्यांची ओळखू येईल अशी खूण उरली आहे का? मी भूशास्त्रज्ञ नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण माझं गाव भिंगार, आणि या प्रश्नाचं निम्म्याहून अधिक उत्तर आमच्या नगर जिल्ह्यात आणि त्याच्या शिवेवरच सापडतं.

आधी थोडी सावधगिरी. भिंगारहून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की शहा डोंगरावर एक अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दिसते. कुणालाही विचारा, ‘चांदबिबीचा महाल’ हेच उत्तर मिळेल. प्रत्यक्षात तो महाल नाही आणि चांदबिबीचा तर नाहीच. निजामशाहीतला वजीर सलाबतखान, त्याची ती कबर. जेमतेम सव्वाचारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीची वास्तू, तीही दफ्तरं ठेवणाऱ्या राज्यातली. तिच्यावर जर दुसरंच नाव बसतं, तर लाखो वर्षांपूर्वीच्या खुणांचं काय होत असेल? डोंगर बोलत नाही. त्याच्या वतीने आपणच बोलतो, आणि पुष्कळदा भलतंच बोलतो.

प्रलयाच्या गोष्टी तर सगळ्यांकडे आहेत. कुराणात हजरत नूह यांची नौका जूदी पर्वतावर टेकते. शतपथ ब्राह्मणात मनूची नाव मासा ओढून नेतो. आमच्या आळीत दोन्ही गोष्टी ऐकायला मिळत. लहानपणी मला वाटायचं, त्या दोन नावा पाण्यात कुठे तरी एकमेकींना दिसल्या असतील. अशा गोष्टींचा पुरावा मातीत शोधायची हौसही जुनी आहे. लिओनार्ड वुली या ब्रिटिश उत्खननतज्ज्ञाला १९२८-२९च्या सुमारास इराकमधल्या उर या प्राचीन शहराच्या पोटात आठ ते अकरा फूट जाडीचा निव्वळ गाळ सापडला. खाली माणसांच्या वस्तू, वर माणसांच्या वस्तू, मधे नुसता गाळ. प्रलय सापडला, अशी बातमी जगभर गेली. पण उरपासून थोड्याच अंतरावरच्या एरिदू या शहरात तसा थर निघेना. दुसऱ्या शहरांत जे गाळ निघाले, त्यांचं वय वेगळं. म्हणजे पूर मोठा होता, पण एका नदीचा होता. जगाचा नव्हता.

यातून पंचनाम्याचे तीन प्रश्न मिळतात. एक, हीच खूण दूरदूरच्या ठिकाणी, एकाच काळातली म्हणून सापडते का? दोन, तिच्यात बाहेरून आलेलं काही आहे का, जे त्या जागेचं नाही? तीन, त्या थराच्या खालचं आणि वरचं जीवन बदललेलं आहे का? हे तीन प्रश्न खिशात ठेवून आपल्या मुलखात फिरू.

सुरुवात पायाखालच्या दगडापासून. विहीर खणणाऱ्यांना विचारा. ते सांगतील, आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. हा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मुख्य उद्रेकच काही लाख वर्षं चालले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, आमच्या जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या हद्दीवर. तेही याच थरांचं. भूशास्त्रात याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप म्हणजे सापळा नव्हे. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलं. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ते याचमुळे. एक पायरी म्हणजे एक लाव्हा. दोन पायऱ्यांच्या मधे कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा दिसतो. तिथे आग थांबली होती, खडकाची माती व्हायला वेळ मिळाला होता. मग पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली.

याच काळात पृथ्वीवरून डायनासोर गेले, आणि त्यांच्याबरोबर सजीवांच्या असंख्य जाती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं सापडली आहेत, ती या लाव्ह्याच्या खालच्या थरात. पण दोष एकट्या लाव्ह्याचा नाही. १९८० साली लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी आपल्या सहकाऱ्यांसह इटलीतल्या गुब्बियो इथल्या खडकातला एक बोटभर मातीचा थर जगापुढे मांडला. त्यात इरिडियम हा धातू भलताच जास्त होता. जमिनीवर तो दुर्मीळ, उल्कांमध्ये पुष्कळ. पुढे तोच थर जगात अनेक ठिकाणी सापडला. १९९१ साली त्याचा उगमही ठरला, मेक्सिकोतलं चिक्शुलुब. सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर. मात्र तिथे उभं राहिलं तर खड्डा दिसत नाही. तो चुनखडीखाली गाडलेला आहे, अर्धा समुद्रात आहे. जमिनीवर दिसते ती फक्त नैसर्गिक विहिरींची कमानीसारखी रांग. लघुग्रहाने जास्त नुकसान केलं की आपल्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंनी, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. दोन्ही घटना एकाच काळातल्या, एवढं मात्र पक्कं आहे.

गंमत बघा. जगाचा कायापालट करणाऱ्या एका घटनेची खूण म्हणजे बोटभर माती. दुसरीची खूण म्हणजे ज्याचा आपण पाटा केला, वरवंटा केला, किल्ला बांधला, कबर बांधली तो दगड. १४९० साली मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि निजामशाही उभी राहिली, तीही याच दगडाने. हाच दगड झिजून कपाशीची, ज्वारीची काळी जमीन झाली. ज्या आगीने कदाचित अर्धं जग ओसाड केलं, तिच्यावर आपली भाकरी पिकते.

आता उलटी बाजू. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार पाहिलं की वाटतं, प्रलय म्हणतात तो हाच. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं गोल विवर, तळाशी खारं पाणी, काठावर देवळं आणि लवणासुराची कथा. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ मध्ये त्याची नोंद केली. भोवती सगळा लाव्ह्याचा खडक, म्हणून बरीच वर्षं लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७३ मध्ये तिथल्या खडकात जबर आघाताच्या खुणा सिद्ध झाल्या आणि ते आकाशातून आलेल्या वस्तूचं काम ठरलं. त्याचं वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास सांगत. नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास आलं. एवढं खणखणीत विवर, पण ते संकट स्थानिक होतं. जगातल्या मातीत त्याचा थर नाही. पहिल्याच प्रश्नाला ते नापास होतं.

दुसरं उदाहरण पारनेर तालुक्यातल्या निघोजचं. कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे बघायला लांबून माणसं येतात. काळ्या खडकात कोरलेले खोल रांजण, वळणावळणाच्या घळी. बघणाऱ्याला वाटावं, इथे एका रात्रीत काहीतरी भयंकर घडलं असणार. घडलेलं एवढंच की पाणी आलं, त्यात गोटे होते, ते खळग्यात अडकून गरगर फिरले आणि दगड झिजला. दरवर्षी, पावसाळ्यात. जात्यात पीठ पडतं तसं. हा संकटाचा ठसा नाही, नेमाच्या कामाचा आहे.

आणि याच कुकडीवर, निघोजच्या वरच्या अंगाला, जुन्नर तालुक्यात बोरी नावाचं गाव आहे. तिथे बघण्यासारखं काही नाही. नदीकाठच्या मातीत पांढुरक्या भुकटीचा एक थर, बस्स. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात त्याचा अभ्यास केला. ती ज्वालामुखीची राख निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली फुटक्या बुडबुड्यांच्या भिंतींसारखे काचेचे कण. आपले ज्वालामुखी तर सहा कोटी वर्षांपूर्वीच थंडावले, आणि ही नदीची माती अलीकडची. म्हणजे राख पाहुणी. कुठली? इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबाची, तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूरची. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी तोबाचा महाभयंकर स्फोट झाला. त्याच्या जागी आज सुमारे १०० किलोमीटर लांबीचं सरोवर आहे. आकाशातून इथवर पडलेली राख मुळात काही सेंटिमीटरच असेल. पावसाने, नदीने ती गोळा करून खोलगट जागी साठवली म्हणून ती टिकली. तशीच राख मध्य प्रदेशात सोन नदीच्या खोऱ्यात आणि आंध्रात कर्नूलजवळ ज्वालापुरमला आहे. दूरदूर एकच खूण, आणि ती बाहेरून आलेली. दोन प्रश्नांना होकार.

पण बोरीची राख नेमकी कोणत्या स्फोटाची? १९८९ मध्ये तिचं वय १४ लाख वर्षं सांगितलं गेलं. दुसऱ्या मोजणीत ते पावणेसात लाखांच्या घरात आलं. पुढे राखेतल्या काचेचं रसायन तोबाच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाशी जुळतं असं दाखवलं गेलं. वाद पुरता मिटलेला नाही. आणि हा वाद केवळ पंडितांचा नाही. त्या राखेच्या संगतीने आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडी सापडल्या आहेत. राख जितकी जुनी, तितका कुकडीकाठचा माणूस जुना. या मातीत माणूस कधीपासून राहतो, याचं उत्तर त्या भुकटीच्या वयावर टांगलेलं आहे.

आता तिसरा प्रश्न, वरच्या-खालच्या जीवनाचा. तोबाच्या स्फोटाने माणूसजात काही हजारांवर आली असावी, असा तर्क १९९८ मध्ये स्टॅन्ली अ‍ॅम्ब्रोज यांनी मांडला. परंतु ज्वालापुरमला राखेच्या खाली जशी दगडी हत्यारं, तशीच राखेच्या वरही सापडली. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सोनच्या खोऱ्यात ढाबा इथल्या हत्यारांवरून २०२० मध्ये तसाच निष्कर्ष निघाला. राख पडली, सूर्य काही काळ मंदावला असेल, झाडं वाळली असतील, पण माणूस उठला आणि पुन्हा दगड घडवायला बसला. मला या सगळ्या कथेत ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

नदी आणखी थोडी खाली गेली की कुकडी घोडनदीला मिळते. त्याच घोडनदीवर, शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं तिथे उत्खनन झालं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं मोठी चौकोनी घरं सोडून लहान गोल झोपड्यांत राहू लागली. शेती घटली, शिकार आणि जनावरं वाढली. डॉ. मधुकर ढवळीकर यांनी त्याचा संबंध कोरड्या पडत गेलेल्या हवामानाशी लावला. अवर्षण विवर पाडत नाही, राख टाकत नाही. त्याची खूण घराच्या आकारात उमटते. आपण जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढर’ म्हणतो आणि शेताला ‘काळी’. ही काळी त्या आगीची, आणि पांढर माणसांनी तरून जाण्याची.

तेव्हा मूळ प्रश्नाचं उत्तर असं. जगावर आलेल्या संकटांच्या खुणा आहेत आणि त्या ओळखता येतात. पण त्या डोळे दिपवणाऱ्या जागी क्वचितच असतात. त्या असतात पातळ थरांत, मळकट रंगात, विहिरीच्या कडेला, नदीच्या दरडीत. आणि म्हणूनच त्या फार लवकर जातात. लोणारवर पहारा ठेवता येतो, वीतभर राखेवर कोण ठेवणार? ज्वालापुरमची राख तर भांडी घासायच्या पावडरीसाठी खणून नेत होते. खणणाऱ्याला दोष देता येत नाही. पोटाला मजुरी हवी, आणि राखेने भांडी घासणं आपल्या सगळ्यांच्या घरात होतंच. पण सात-आठ वर्षांत एखादा अधिक बारीक मोजमाप करणारा येतो, तेव्हा मोजायला थर उरलेला असावा लागतो. बोरीच्या राखेचं वय तीनदा सांगितलं गेलं, ते राख जागेवर होती म्हणून. नदीकाठ एकदा यंत्राने ओरबाडला की तिथे नवा प्रश्न विचारता येत नाही. मग महालाचं नाव बसतं तसं, जे नाव बसेल तेच खरं.

आपल्या शिवारात विहिरीचं, शेततळ्याचं काम निघेल तेव्हा यंत्र थोडं थांबवून कडेचा थर बघा. मातीत पांढरी, बोटाला खरखरीत लागणारी भुकटी दिसली, तर जागेची खूण करून ठेवा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या नाही तर भूशास्त्राच्या मास्तरांना निरोप धाडा. बहुतेक वेळा ती चुनखडी निघेल. एखाद्या वेळी नाही निघणार.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)