मिझूलाचे घोडे आणि एक अट

परवा मार्गदर्शक बाईंनी माझ्या प्रकरणाचा कच्चा खर्डा परत दिला. दोनच ठिकाणी लाल शाई होती. एक वर्तुळ ‘पहिला’ या शब्दाभोवती, दुसरं ‘एक लाख तास’ या आकड्याभोवती. बाजूला काही लिहिलेलं नाही. बाई कधी लिहीत नाहीत, आपण शोधायचं असतं. त्या दोन वर्तुळांत माझे तीन आठवडे गेले. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना त्यातलं काही उपयोगी पडेल म्हणून हे लिहितोय.

प्रकरण आहे अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या मिझूला या शहराबद्दल. तिथे कॅरस पार्कमध्ये, क्लार्क फोर्क नदीच्या काठाला, लाकडी घोड्यांचा एक कॅरूसेल आहे. कॅरूसेल म्हणजे मेरी-गो-राउंड, आपल्या जत्रेतला घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा. हा 27 मे 1995 रोजी सुरू झाला. त्यावरचे 38 घोडे कुठल्याही कारखान्यातून आलेले नाहीत. ते गावातल्या लोकांनी नोकरीधंदा सांभाळून, फुकट, हाताने कोरलेत. शाळकरी पोरांनी त्यासाठी पेनी, म्हणजे तिथली सुटी नाणी, गोळा केली.

सुरुवात केली चक कॅपरिच या फर्निचर बनवणाऱ्या कारागिराने. घरी हौसेने त्याने चार घोडे कोरले होते. एका जुन्या कॅरूसेलचा सांगाडा हजारो सुट्या तुकड्यांत विकत घेऊन ठेवला होता. 1991 मध्ये तो नगरपालिकेकडे गेला आणि म्हणाला, जागा द्या, मी गावासाठी कॅरूसेल बांधतो. पण एक अट घातली: हा कधीही कुणी मोडून सुटा करायचा नाही.

आता ही अट जरा थांबून वाचा. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सरळ पुढे गेलो. भावनिक माणूस आहे, बोलला असेल. पण जी वस्तू अजून बांधलेलीच नाही ती मोडू नका असं कोण म्हणतं? ज्याने मोडलेल्या पाहिल्यात किंवा ऐकल्यात, तोच.

माझा पहिला तर्क होता ब्यूट. मोंटानातलंच तांब्याच्या खाणींचं हे गाव. तिथे 1899 मध्ये विल्यम क्लार्क या खाणमालकाने कोलंबिया गार्डन्स नावाची बाग उभारली. कॅपरिचच्या लहानपणीचे उन्हाळे तिथल्या कॅरूसेलवर गेले. पुढे बाग अ‍ॅनाकोंडा कंपनीकडे आली आणि उघडी खाण वाढवायची म्हणून कंपनीने ती 1973 मध्ये बंद केली. त्याच वर्षी लागलेल्या आगीत तिथला कॅरूसेल जळाला. गोष्ट जुळली असं वाटलं. लहानपणीचं हरवलेलं सुख मोठेपणी परत उभं केलं, शीर्षक तयार!

पण ब्यूटचा कॅरूसेल जळाला होता, मोडून सुटा केला गेला नव्हता. आगीची भीती असती तर माणूस विमा मागेल, पाण्याचे नळ मागेल. ‘सुटा करू नका’ हे शब्द दुसरीकडून आलेत. इतक्या बारीक फरकाने काय होतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हा फरक धरला तेव्हाच प्रकरण हललं.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. साधारण 1880 ते 1930 हा अमेरिकी कॅरूसेलचा बहराचा काळ. गुस्ताव डेंटझेल या जर्मन स्थलांतरिताने 1867 मध्ये फिलाडेल्फियात काम सुरू केलं. चार्ल्स लूफने 1876 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर कॅरूसेल उभारला. या कारखान्यांत पोटासाठी युरोपातून आलेले लाकूडकाम करणारे होते. त्यातले काही ज्यू कारागीर एकीकडे प्रार्थनामंदिरांसाठी सिंह कोरत आणि दुसरीकडे करमणुकीसाठी घोडे. (या सिंहांवर कुणीतरी मराठीत लिहायला हवं.) मग 1929 ची मंदी आली, मागणी गेली, कारखाने बंद पडले. पुढे अ‍ॅल्युमिनियम आणि फायबरग्लासचे घोडे आले.

1964 मध्ये फ्रेडरिक फ्राइड यांचं कॅरूसेलच्या इतिहासावरचं सचित्र पुस्तक आलं, आणि जत्रेतली वस्तू म्हणून पाहिले जाणारे घोडे लोककला म्हणून पाहिले जाऊ लागले. संग्राहक जागे झाले. आणि इथेच घात झाला. अख्खा कॅरूसेल विकला तर एक किंमत, एकेक घोडा लिलावात काढला तर त्याच्या कितीतरी पट. अमेरिकी कॅरूसेल घड्याळाच्या उलट फिरतात, म्हणून घोड्याची उजवी बाजू बघणाऱ्यांकडे येते आणि कोरीव काम तिथेच जास्त. बाहेरच्या रांगेतले घोडे तर सगळ्यात सजवलेले. ते आधी जात. 1970 आणि 80 च्या दशकांत कितीतरी कॅरूसेल असे सुटे होऊन दिवाणखान्यांत गेले. म्हणजे ज्यांना घोडे आवडत होते त्यांनीच कॅरूसेल संपवले.

कॅपरिचची अट मी आता या लिलावांशेजारी ठेवून वाचतो. हे माझं वाचन आहे, त्याने तसं सांगितलंय असा माझा दावा नाही. पण एका वाक्यामागची भीती शोधली तर साधन बोलतं, हे मी या प्रकरणात शिकलो.

बाईंच्या वर्तुळांकडे येतो. ‘मंदीनंतरचा पहिला हाताने कोरलेला कॅरूसेल’ असं मी मिझूलाबद्दल ठोकून दिलं होतं. पण ओहायोतल्या मॅन्सफील्डमध्ये 1991 सालीच नवा लाकडी कॅरूसेल सुरू झाला होता, आणि तोही तसंच म्हणवतो. खोटं कोण? कुणीच नाही. मॅन्सफील्डचे घोडे व्यावसायिक कार्यशाळेने कोरले, मिझूलाचे गावाने. ‘पहिला’ हा शब्द कशातला पहिला हे सांगितल्याशिवाय वापरायचाच नाही, एवढं माझ्या टेबलावर चिकटवून ठेवलंय.

आणि ते एक लाख तास. संस्था सांगते की स्वयंसेवकांनी एवढे तास दिले. मी साधा हिशोब केला. चार वर्षांत एक लाख म्हणजे वर्षाला पंचवीस हजार, म्हणजे आठवड्याला चाळीस तास काम करणारी साधारण बारा माणसं, चार वर्षं, न थांबता. अशक्य नाही. घोडा हा एका ओंडक्यातून निघत नाही. बासवुड या मऊ लाकडाच्या फळ्या चिकटवून पोकळ धड करतात, पाय आणि डोकं वेगळं कोरून जोडतात, मग घासायचं, अस्तर द्यायचं, रंगवायचं. शिवाय दोन रथ, ड्रॅगन, आरशांच्या चौकटी, आणि जुन्या सांगाड्याचा प्रत्येक भाग साफ करणं. कॅपरिच नवख्यांना शिकवत होता, म्हणजे शिकण्याचे तासही त्यात आलेच असणार. आपल्याकडच्या श्रमदानाच्या अहवालांतले ‘मनुष्यदिवस’ वाचताना हीच कसरत करावी लागते. आकडा खोटा आहे असं म्हणायचं नसतं, तो कशाकशाची बेरीज आहे हे विचारायचं असतं. सध्या माझ्या मजकुरात ‘संस्थेच्या सांगण्यानुसार’ हे दोन शब्द वाढलेत. बाईंनी यावेळी वर्तुळ केलं नाही.

मिझूलाचं पाहून ओरेगनमधल्या ऑल्बनीच्या लोकांनी कोरायला घेतलं, त्यांचा कॅरूसेल 2017 मध्ये सुरू झाला. आणि पुढच्याच वर्षी, 2018 मध्ये, ब्यूटमध्ये स्वयंसेवकांनी बांधलेला नवा कॅरूसेल फिरू लागला. कोलंबिया गार्डन्सची जागा खाणीत गेली होती, म्हणून तो गावात दुसरीकडे उभा आहे. नाव मात्र जुन्या बागेचंच ठेवलंय.